काढा, गोळी आणि एकच केसपेपर



गेल्या पावसाळ्यात माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी दोन दिवस बाकावर डोकं टेकून बसायची. एरवी मधल्या सुट्टीत डबा आधी संपवून मैदानात पळणारी पोर, त्या दिवशी डबा उघडायलाच तयार नाही. जवळ घेऊन पाहिलं तर डोळे पिवळे. आईला बोलावलं आणि तिच्यासोबत मीही ग्रामीण रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासायला दिलं आणि विचारलं, "घरी आणखी काही देताय का?" आई म्हणाली, "नाही."

मला माहीत होतं की देतात. मुलीनेच सकाळी सांगितलं होतं, "बाई, आजी रोज कडू कडू काढा देते. आणि आम्ही कावीळ उतरवून पण आलो." पण आईला सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं, असं वाटून मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून मनाला लागून आहे, म्हणून हा लेख.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दोन दवाखाने चालतात. एक गोळ्या-इंजेक्शनचा आणि एक आजीच्या बटव्यातला. दोन्ही चालू असतात, पण एकाला दुसऱ्याची खबर नसते. याला काही लोक 'एकात्मिक उपचार' म्हणतात. पण एकात्मिक उपचार म्हणजे खरंच काय, हे पाहायला लांब जायची गरज नाही, मुंबईतलं परळ पुरे.

परळचं केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून चालू आहे. रुग्णालय महापालिकेचं आणि महाविद्यालय आता नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. इथे औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदातल्या वनस्पतींवर संशोधन उभं केलं. 'वृक्षगान', 'फुलवा' लिहिणाऱ्या त्याच. अनेक शिक्षकांनी झाडांची ओळख त्यांच्या पुस्तकांतून करून घेतली आहे (मीसुद्धा). पण गुळवेलीवरचं त्यांचं काम आपल्याला फारसं माहीत नसतं.

कावीळ अनेक कारणांनी होते. त्यातल्या एका प्रकारात खडा किंवा गाठ पित्तनळीत अडकते आणि पित्ताचा रस्ता बंद होतो. अशा रुग्णाचं ऑपरेशन करावं लागतं, पण त्याची प्रतिकारशक्ती इतकी ढासळलेली असते की जंतुसंसर्गाचा धोका फार. केईएमच्या शल्यचिकित्सकांनी आणि औषधशास्त्रज्ञांनी मिळून असे ३० रुग्ण घेतले आणि दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळाले, म्हणजे अँटिबायोटिक, व्हिटॅमिन 'के' आणि नळीने पित्त बाहेर काढणं. एका गटाला त्यासोबत गुळवेल दिली, तीही वजनावरून डोस ठरवून. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेलीच्या गटात एकाही नाही. ऑपरेशननंतर पहिल्या गटातले ४० टक्के वाचले, दुसऱ्यातले सुमारे ९२ टक्के.

आकडे मोठे आहेत, पण रुग्ण फक्त ३० होते हे विसरू नका. आणि हे एका विशिष्ट काविळीच्या, ऑपरेशनच्या रुग्णांविषयी आहे. यावरून 'कावीळ झाली की गुळवेल' असं सूत्र काढणं म्हणजे एका गणिताचं उत्तर दुसऱ्या गणिताखाली लिहिणं. मला यात उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची वाटते. अँटिबायोटिक कुणी बंद केलं नाही. किती दिली, कुणाला दिली, काय झालं, हे सर्जनला माहीत होतं. दोन्ही औषधं एकाच केसपेपरवर होती.

ही रीत मुंबईत नवी नव्हती. डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम रुग्णांवर पाहून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिला आणि जगभरचे डॉक्टर ती वापरू लागले. पुढे त्याच औषधाने काही रुग्णांना उदासी येते हेही लक्षात आलं आणि वापर कमी झाला. झाडपाल्याचं आहे म्हणून अपाय नाही, असं नसतं बरं का.

आता कोरोनाचा काळ आठवा. तेव्हा घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. आमच्या शाळेमागच्या कडुनिंबावरचा वेल लोकांनी तोडून तोडून संपवला. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. वाद कुणाच्याही बाजूने लावा, मला त्यातून एवढंच दिसतं की कुणी काय, किती, किती दिवस घेतलं याची नोंद घरात नव्हती.

आता 'कावीळ उतरवण्या'बद्दल. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं, कावीळ असो वा नसो. अंधश्रद्धा निर्मूलनवाले हा प्रयोग करून दाखवतात. परिसर अभ्यासाच्या तासाला तुम्हीही करून दाखवा, फक्त निवळी मुलांच्या डोळ्यांत जाणार नाही हे पाहा. मग लोकांना गुण कसा येतो? दूषित पाण्यातून होणारी मुलांची कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय जातं उतरवणाऱ्याला. आणि पित्तनळीत खडा अडकलेला माणूस त्याच रांगेत बसून राहतो.

आमच्या मुलीचं काय झालं? आठवड्याने रिपोर्ट पुन्हा केला, आकडे म्हणावे तसे उतरले नव्हते. त्या दिवशी मी आजींनाच सोबत नेलं. रस्त्यात म्हटलं, "आजी, तुमचा काढा डॉक्टरांना सांगूया का?" त्या घाबरल्या, "ओरडतील हो बाई." डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, कशाचा, किती वेळा, कधीपासून. केसपेपरवर लिहून घेतलं आणि रिपोर्ट नीट येईपर्यंत काढा थांबवायला सांगितलं. काढ्यामुळेच आकडे अडले होते असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. महिनाभराने मुलगी शाळेत आली, पहिल्याच दिवशी डबा रिकामा.

पुढच्या पालकसभेत मी हे सगळं, नाव न घेता, सांगितलं. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या आणि चूर्णं एका पिशवीत घालून न्या, असं सुचवलं. मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "बाई, पाल्याला तर नावच नसतं. मग डॉक्टरला सांगायचं काय?"

मी म्हटलं, "आजोबा, मग एक डहाळी घेऊन जा."