ओझे वाहणाऱ्या शिक्षिका : जाईबाई चौधरी



सावित्रीबाई फुले आपणां सर्वांना ठाऊक आहेत. परंतु अस्पृश्य समाजातूनच पुढे आलेल्या जाईबाई चौधरी यांचे नाव आमच्या ठाणे-कल्याण भागात क्वचितच ऐकू येते. म्हणून हा छोटा पाठ.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूरजवळच्या उमरेड भागात झाला. लग्न बालपणीच झाले. पोटासाठी त्या नागपूर-कामठी परिसरात हमाली करीत. एका मिशनरी बाईंनी त्यांना शिकण्यास मदत केली. पुढे मिशनच्या शाळेत दरमहा चार रुपयांवर त्या शिक्षिका झाल्या. बाई अस्पृश्य आहेत हे कळताच सवर्ण पालकांनी मुले पाठविणे बंद केले. नोकरी गेली, डोक्यावर पुन्हा ओझे आले.

तरीही १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी संत चोखामेळा कन्याशाळा काढली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा अजून पाच वर्षे अवकाश होता!

आम्ही बँकेत कारकून आहोत. भांडवलावाचून काही उभे राहत नाही, असे रोज ऐकतो. जाईबाईंचे भांडवल एकच : स्वतःला येत असलेली अक्षरे. आजही एखादी आजी काउंटरवर अंगठ्यासाठी शाई मागते, तेव्हा आम्हांला जाईबाई आठवतात आणि आपले काम अपुरे असल्याचे जाणवते.

मित्रहो, इमारत आणि देणगी यांची वाट पाहू नका. शिकलेल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक तास आपल्या चाळीतल्या एकाला तरी शिकवावे.