कोकमाची कांडी

वैशाखाच्या एका दुपारी वर्गात प्रश्न निघाला, "पाणी गोठले म्हणजे त्यातील जंतू मरतात ना?" बहुतेकांनी होकारार्थी माना हलविल्या. हा समज घातक आहे. शीताने पुष्कळसे जंतू केवळ निद्रिस्त होतात. बर्फ वितळताच ते पुन्हा जागे होतात. म्हणून कांडी घरीच करावी आणि तीही उकळून निवविलेल्या पाण्याची, असे आम्ही सुचवितो.

आम्हां कोंकणी घरांत कोकमाच्या वाळलेल्या सालींना 'सोलां' म्हणतात. अशी दहा-बारा सोलां दोन पेले पाण्यात अर्धा तास भिजवून, स्वच्छ हातांनी कुस्करून गाळावीत. अर्धा पेला साखर, चिमूटभर मीठ व थोडी जिरेपूड घालावी. पुदिन्याची पाने मात्र कच्ची न घालता, पाणी उकळतानाच त्यात टाकून पुढे गाळून घ्यावीत. सरबतापेक्षा गोडी किंचित अधिक हवी, कारण गारठ्याने जिभेला गोडी कमी जाणवते. पण साखर बेसुमार झाली तर कांडी घट्ट होत नाही.

पोलादी पेले काठोकाठ भरू नयेत. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. अर्धवट गोठल्यावर धुतलेली बांबूची काडी मधोमध रोवावी, म्हणजे ती कलत नाही.

आमच्या पहिल्या कांड्या गुळचट झाल्या होत्या. मातोश्रींनी एक चाखून विचारले, "मीठ विसरलास ना?" खरेच विसरलो होतो.