अजिंठ्याला जाण्याआधी

मराठीत ‘लेणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. अंगावर घालायचा दागिना म्हणजे लेणे, आणि डोंगराचा कातळ कोरून केलेली वास्तू म्हणजेही लेणेच. गुहा वेगळी. ती पाण्यापावसाने आपोआप झालेली असते. लेण्याला माणसाची छिन्नी आणि हातोडा लागतो. हिब्रूत दोन्हींना ‘मेआरा’ म्हणून भागते. म्हणून इस्राएलमध्ये वाढलेल्या मुलांना हा फरक आधी समजावून सांगावा लागतो. अजिंठ्याला आहेत ती लेणी.

इस्राएलहून भारतात जाणारी बेने इस्राएल कुटुंबे बहुधा कोकणात जातात. नवगावचे जुने कबरस्तान, खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा टापा, अलिबागचे आणि मुंबईचे सिनेगॉग, आजोबांचे गाव, शाळेची इमारत, एवढे पाहता पाहता दोन आठवडे सरतात. अजिंठा ‘वेळ उरला तर’ या यादीत पडतो. मग एखादा दिवस कसाबसा काढून गाडी धावते. तीन तासांत तीस लेणी पाहण्याचा प्रयत्न होतो, आणि परतल्यावर माणसे म्हणतात, “आत अंधार होता, काही दिसलेच नाही.”

ही तक्रार खोटी नाही. अजिंठ्याला खरोखरच अंधार असतो. पण त्या अंधारात पाहण्याची तयारी घरूनच करून जाता येते. ती कशी करावी, हे या पाठात सांगितले आहे.

जागेची ओळख

अजिंठ्याची लेणी महाराष्ट्रात, छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात आहेत. संभाजीनगरहून अंतर सुमारे १०० किलोमीटर, जळगावहून सुमारे ६० किलोमीटर. वाघूर नदीने तिथे घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे. त्या वळणाच्या उभ्या कड्यात ही लेणी एका ओळीत कोरलेली आहेत.

लेण्यांचे आकडे वाटेवरच्या क्रमाने दिलेले आहेत. त्यांचा वयाशी संबंध नाही. ९ आणि १० ही लेणी इसवी सनापूर्वीची, सातवाहनांच्या काळातली. १, २, १६, १७, १९, २६ ही लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेण याच्या वेळची. चैत्य म्हणजे उपासनेची जागा. त्यात स्तूप असतो. विहार म्हणजे भिक्षूंनी राहण्याची जागा. ९, १०, १९ आणि २६ हे चैत्य आहेत. बाकी बहुतेक विहार.

पुढे भिक्षूंची वस्ती सरली आणि रानाने कडा झाकून टाकला. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला असता त्याला दहावे लेणे दिसले. त्याने तिथल्या खांबावर आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्या बरेच वर दिसते. त्या वेळी लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता.

वार आणि सुट्ट्या

अजिंठा सोमवारी बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद असते. त्यात शब्बाथ धरला तर आठवड्याचे गणित नीट मांडावे लागते. समजा, अश्दोदचे एक कुटुंब आहे. आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. आजीने लहानपणी शाळेच्या पुस्तकात अजिंठ्याची चित्रे पाहिली होती, पण प्रत्यक्ष जाणे कधी घडले नाही. आता गुडघे दुखतात. पुन्हा भारतात येणे होईल की नाही, हे तिला ठाऊक नाही. या कुटुंबाने आठवडा असा आखावा:

शनिवार: शब्बाथ मुंबईत. सिनेगॉगमध्ये जाणे, विश्रांती.
रविवार: आगगाडीने दिवसा संभाजीनगर. मुक्काम.
सोमवार: वेरूळ, सुमारे ३० किलोमीटर. संध्याकाळी लवकर परत.
मंगळवार: सकाळी लवकर निघून अजिंठा. मुक्काम फर्दापूरला.
बुधवार: पुन्हा अजिंठा, दुपारपर्यंत. नंतर जळगाव आणि रात्रीची गाडी.
गुरुवार: मुंबई.
शुक्रवार: मोकळा. दिवे लावण्याआधी सर्वजण घरी.

अजिंठ्याला एकाऐवजी दोन दिवस दिले आहेत, आणि ते आजीसाठीच दिले आहेत. एका दिवसात दोनदा चढणे तिला जमणार नाही. दोन दिवसांत थोडे थोडे जमेल.

ऋतूचाही विचार करावा. इस्राएलमधल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. तेव्हा महाराष्ट्रात भर पावसाळा. दरी हिरवीगार असते, कड्यावरून धबधबे कोसळतात, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि ढगांमुळे लेण्यांत आणखी काळोख दाटतो. पेसाहच्या सुमारास ऊन तापू लागते. सुक्कोथच्या सुट्टीत पाऊस ओसरत आलेला असतो आणि नदीला पाणी असते. हनुक्काच्या दिवसांत हवा सर्वांत सुखाची. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जायचे तर हनुक्का बरा.

चढण, पाणी, जेवण

खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते. तिथून पायथ्यापर्यंत सुमारे चार किलोमीटर बसने जायचे. पुढे पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. डोली म्हणजे दांड्यांना बांधलेली खुर्ची. ती चार माणसे खांद्यावर उचलून नेतात. पैसे आधी ठरवावेत, आणि मराठीत ठरवावेत. “दादा, वरपर्यंत जाऊन परत यायचे काय घ्याल? आत आम्हाला वेळ लागेल, थांबाल ना?” एवढी दोन वाक्ये नातवंडांनी पाठ केली तरी पुरे. डोलीत बसायला आजीला संकोच वाटेल. तिला सांगावे की पाय चित्रांपुढे उभे राहण्यासाठी राखून ठेवायचे आहेत.

आतल्या लेण्यांत चपला-बूट काढावे लागतात. सहज निघतील असे घालावेत, आणि पायमोजे जवळ ठेवावेत. पाण्याची बाटली हवीच. जेवणाची अडचण नाही. त्या भागात ज्वारी-बाजरीची भाकरी, वरण-भात आणि जळगावकडचे वांग्याचे भरीत मिळते. कोशेर पाळणाऱ्याने शाकाहारी खाणावळ निवडावी आणि सोबत थोडा कोरडा खाऊ ठेवावा. पासपोर्ट जवळ असावा. ज्यांच्याकडे ओ. सी. आय. कार्ड आहे त्यांनी तेही न्यावे, कारण तिकिटाचा दर त्यावरून ठरतो.

अंधार का असतो?

अजिंठ्याची चित्रे उघड्या दगडावर काढलेली नाहीत. खडबडीत कातळावर आधी मातीचा गिलावा दिला. त्या मातीत भाताचा तूस आणि झाडपाल्याचे तंतू कालवले. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर रंग दिले. लाल रंग गेरूचा, पिवळा मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र लाजवर्द नावाच्या खड्याचा. तो खडा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येत असे. कोकणातल्या बंदरांप्रमाणे या दरीचेही दूरच्या मुलखांशी नाते होते, हे त्या एका रंगावरून कळते.

असा गिलावा कातळावरून सुटतो. त्याला कीड लागते, ओल लागते, माणसांच्या श्वासाची वाफ लागते. तीव्र उजेडाने रंग फिके पडतात. म्हणून आत दिवे मंद ठेवतात, फ्लॅश वापरू देत नाहीत आणि एका वेळी ठरावीक माणसांनाच सोडतात.

माणसांच्या चांगल्या हेतूनेही या चित्रांचे नुकसान झालेले आहे. नक्कल करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वॉर्निश फासले. निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटणारा गिलावा घट्ट बसवला, पण वर लाखेचा हात दिला. पुढे तो पिवळा पडला आणि चित्रे काळवंडली. नकलांचेही नशीब खोटे. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून काढलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. म्हणजे आज जे उरले आहे ते मुख्यतः त्या भिंतींवरच उरले आहे. नातवाचा हात भिंतीकडे गेला तर आजीने तो धरावा, आणि धरण्याचे कारण त्याला घरीच सांगून ठेवावे.

बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटे डोळ्यांना काहीच दिसत नाही. तेवढ्यात बहुतेक लोक बाहेर पडतात. तसे करू नये. दाराशी बाजूला उभे राहावे, मोबाईल खिशात ठेवावा आणि थांबावे. हळूहळू आधी डोळे, मग चेहरे, मग हातांची बोटे दिसू लागतात.

काय पाहावे, काय सोडावे

सगळे पाहायचा हट्ट सोडावा. पहिल्या दिवशी १, २, १६ आणि १७ पाहावीत. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला निळे कमळ धरलेला पद्मपाणी आहे. दुसऱ्या लेण्यात मान वर करून छत पाहावे. दुसऱ्या दिवशी ९, १०, १९ आणि २६. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर, हे दर्शन आपण दान दिले, असे वासिठीपुत कटहादि नावाच्या माणसाने कोरून ठेवले आहे. सिनेगॉगच्या भिंतीवर दानाच्या पाट्या वाचण्याची सवय असलेल्या माणसाला हे वाचून परके वाटणार नाही. सव्विसाव्या लेण्यात बुद्धाची सुमारे सात मीटर लांबीची, अखेरच्या निद्रेतली मूर्ती आहे. तिच्याखाली शोक करणारे शिष्य कोरले आहेत.

मूर्ती आणि चित्रे असलेल्या जागी जावे का, असे एखाद्या धार्मिक घरात विचारले जाईल. तो प्रश्न मुलांसमोरच बोलावा. तिथे कुणीही पाहुण्याला हात जोडायला सांगत नाही. पण १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यापासून महाराष्ट्रातले लाखो लोक बौद्ध झाले आहेत, आणि त्यांच्यासाठी ही श्रद्धेची जागा आहे. त्यांच्यामध्ये शांत उभे राहणे हा शेजारधर्म आहे. आणि इस्राएलमधल्या बेथ अल्फाच्या सिनेगॉगची सहाव्या शतकातली फरशी मुलांनी सहलीत पाहिली असेल तर तिची आठवण द्यावी. तिच्यावरही माणसांची चित्रे आहेत, आणि ती करणाऱ्या मारियानोस आणि हनिना या बापलेकांची नावे आहेत.

एक चित्र घरून पाठ करून जावे

सतराव्या लेण्यात, गाभाऱ्याआधीच्या दालनात एक चित्र आहे. गौतम बुद्ध घर सोडून गेल्यावर वर्षांनी आपल्या गावी परत येतो. हातात भिक्षापात्र आहे. दारात पत्नी यशोधरा आणि मुलगा राहुल उभे आहेत. चित्रात बुद्ध फार मोठा आहे, मायलेक लहान. यशोधरा मुलाला पुढे करते आणि सांगते, हे तुझे वडील, यांच्याजवळ तुझा वारसा माग. राहुल मागतो. बापाजवळ राज्य नाही, सोने नाही. जे आहे ते तो देतो. मुलाला आपल्या मार्गावर घेतो. राजा शुद्धोदनाला, म्हणजे राहुलच्या आजोबांना, याचे फार दुःख झाले, असेही कथेत आहे. वारसा देणे ही नेहमीच सोपी गोष्ट नसते. हाच प्रसंग एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर दगडात कोरलेला आहे. पहिल्या दिवशी रंगात पाहावा, दुसऱ्या दिवशी दगडात.

आजीने ही गोष्ट निघण्याआधी नातवंडांना मराठीत सांगावी. शब्द अडला तर हिब्रूत समजावून पुन्हा मराठीत यावे. मग लेण्यात, डोळे अंधाराला सरावले की, आजीने काहीच बोलू नये. नातवंडांनी गोष्ट तिला परत सांगावी, जेवढी मराठीत जमेल तेवढी.

शब्दार्थ

लेणे: कातळात कोरलेली वास्तू, तसेच दागिना
गिलावा: भिंतीवर दिलेला मातीचा किंवा चुन्याचा थर
तूस: धान्यावरचे टरफल
काजळी: दिव्याच्या ज्योतीची काळी पूड
भिक्षापात्र: भिक्षा घेण्याचे भांडे
वारसा: आईबापांकडून मुलांना मिळणारे धन, जमीन, विद्या किंवा रीत

स्वाध्याय

१. गुहा आणि लेणे यांत काय फरक आहे?
२. अजिंठ्याला मंद दिवे का ठेवतात? दोन कारणे लिहा.
३. शब्बाथ, सोमवार आणि मंगळवार लक्षात घेऊन आपल्या कुटुंबाचा आठवडा आखा.
४. डोलीवाल्याशी आणि आजीशी होणारे संभाषण लिहा. कुणाला ‘तुम्ही’ आणि कुणाला ‘तू’ म्हणाल?
५. घरातल्या वडील माणसाला विचारा: “तुमच्याजवळ माझा वारसा कोणता?” उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.