एकाच बाकावरचा हेवा

पोरी, यंदा तू नाताळच्या गायनाला उभी राहणार. पुढे संडे स्कूलचा वर्ग घेशील, महिला मंडळात येशील. म्हणून आत्ताच कानात घालून ठेवते.

लांबच्या बंगलेवाल्याचा हेवा फारसा वाटत नाही. तो वाटतो आपल्याच बाकावर बसणाऱ्या, आपल्याच वयाच्या, आपलंच काम करणाऱ्या माणसाचा. आणि देवाचं काम करतो म्हणून तो आपल्याला शिवणार नाही, असं धरून चालू नकोस. पौल कैदेत असताना काही जण चक्क हेव्यापोटी ख्रिस्ताची घोषणा करत होते, हे त्यानेच फिलिप्पैकरांना लिहिलंय. पौलाला मात्र ख्रिस्ताचं नाव पसरतंय याचाच आनंद होता.

हेवा लवकर ओळखायचा असेल तर स्वतःच्या जिभेवर लक्ष ठेव. कुणी मैत्रिणीचं कौतुक केलं आणि तुझ्या तोंडून ‘हो, पण...’ निघालं, की त्या ‘पण’पाशीच थांब. पुढचं गिळून टाक. याहून वाईट प्रकार प्रार्थनासभेत चालतो. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हो, हल्ली तिचं जरा...’ असं म्हणत चारचौघींत तिची लाज काढली जाते. मला याची फार चीड आहे. प्रार्थना करायची तर घरी, दार लावून कर.

आणि ती नाव घेऊन कर. एकल पद तुला न मिळता तिला मिळालं, तर तिच्याच गळ्यासाठी माग: आवाज बसू नये, सूर लागावा. मन तयार होईपर्यंत थांबू नकोस. सुरुवातीला शब्द कोरडे येतील, येऊ देत. मन मागून येतं.

पण नुसत्या प्रार्थनेवर थांबू नये, हातांनीही काही करावं. १ शमुवेलाचा १८वा अध्याय सावकाश वाच. गल्याथाला मारून आलेला दावीद एकच, त्याला पाहणारे बाप-लेक दोन, राजा शौल आणि योनाथान. बायका नाचत-गात आल्या; त्यांनी शौलाला हजारांचं श्रेय दिलं आणि दावीदाला दहा हजारांचं. राजाने तो हिशेब मनात धरला, त्या दिवसापासून पोरावर डोळा ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी वीणा वाजवणाऱ्या दावीदावर भाला फेकला. खरं तर दावीदामुळे सगळ्यात जास्त गमावणार होता योनाथान. गादीचा वारस तो होता. त्याने काय केलं? अंगातला झगा काढून दावीदाला दिला. वस्त्रं, तलवार, धनुष्य, कमरबंदसुद्धा दिला. लढाईच्या काळात राजपुत्राने स्वतःचं हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यावं, हे लहान नव्हे. तुझ्याकडे तलवार नाही, पण ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती पदांच्या चाली तुला पाठ आहेत. तिला जी अडते, ती तिच्या शेजारी बसून शिकव.

तरीही आत जळत राहिलं तर स्वतःला विचार, माझं काय कमी झालं? मत्तयाच्या २०व्या अध्यायात सकाळपासून राबलेल्या मजुरांना ठरलेली मजुरी पुरेपूर मिळाली होती. तासभर काम केलेल्यांच्या हातात तेवढीच पडलेली दिसली, तेव्हा ती कमी वाटू लागली. मात्र खरोखर कुणावर अन्याय होत असेल, कमिटीत कुणी आपल्याच नातलगांना पुढे करत असेल, तर तिथे उघड बोल. त्याला हेवा म्हणून गप्प बसवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

आणखी एक. प्रत्येक रडणं हेव्याचं नसतं. मूल नसलेल्या बाईला दुसरीच्या बाळाचा बाप्तिस्मा पाहून भरून आलं, तर ते दुःख असतं. शिलोच्या मंदिरात मुलासाठी रडत प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे नुसते ओठ हलत होते, तर एली याजकाला वाटलं ही प्यायलीय. तू तशी घाई करू नकोस. अशी कुणी उपासना संपताच मागच्या दाराने निघून गेली, तर ‘हिला बघवत नाही’ असं म्हणू नकोस, कुणाला म्हणूही देऊ नकोस. संध्याकाळी तिच्या घरी जा आणि तिला बोलू दे. तुझ्यावर तशी वेळ आली, तर हन्नासारखी देवापुढे मनसोक्त रड. त्या दिवशी मंडळीत हसरा चेहरा घेऊन बसलंच पाहिजे, असं काही नाही.