वाळूपासून काच

कंदिलाची काच, औषधाची बाटली, खिडकीचे तावदान या वस्तू खेड्यापाड्यांतही नित्य परिचयाच्या आहेत. या पारदर्शक पदार्थाचे मूळ मात्र वाळूत आहे.

काचेसाठी कोणतीही वाळू चालत नाही. दख्खनच्या नद्यांच्या वाळूत काळ्या बेसाल्ट खडकाचे कण असतात. त्यांत लोह असते आणि लोहाचा अल्प अंशही काचेला हिरवट छटा देतो. म्हणून सिलिकायुक्त पांढरी वाळू निवडावी लागते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात अशी वाळू आढळते.

शुद्ध सिलिका वितळण्यास सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. सोडा मिसळल्यास ती कमी उष्णतेत वितळते. परंतु केवळ वाळू व सोडा यांची काच पाण्यात विरघळते. चुनखडीच्या योगाने हा दोष नाहीसा होतो. हे मिश्रण भट्टीत सुमारे १,५०० अंशांपर्यंत तापविले म्हणजे त्याचा दाट रस होतो. त्यातील बुडबुडे निघून गेल्यावर फुंकून अथवा साच्यात घालून त्याला आकार देतात. तयार वस्तू सावकाश निववावी लागते. ती घाईने निवविल्यास आत ताण राहतो आणि पुढे ती सहज तडकते.

महाराष्ट्रात या धंद्याला स्वदेशीच्या चळवळीने चालना दिली. लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभारलेल्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. त्यानंतर १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना निघाला. कराडजवळील ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील पुढे घरोघरी पोहोचला.

या उद्योगाची एक बाजू मात्र दुर्लक्षून चालणार नाही. वाळू दळताना व चाळताना उडणारी सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसांत साचते आणि सिलिकोसिस हा रोग जडतो. तो बरा होत नाही; टाळता मात्र येतो. वाळू ओली ठेवणे, यंत्रे बंदिस्त करणे आणि कामगारांची नियमित वैद्यकीय तपासणी करणे हे त्याचे उपाय होत.

फुटकी काच मातीत कुजत नाही; शेतात माणसांच्या व गुरांच्या पायांना ती इजा करते. तीच काच भट्टीत परत घातल्यास कमी इंधनात वितळते आणि तेवढी वाळूही वाचते. ग्रामपंचायतींनी काचेचा कचरा वेगळा गोळा करण्याची व्यवस्था केली आणि शिक्षकांनी त्यामागील शास्त्र मुलांना समजावून दिले, तर गावाचे आरोग्य आणि भूमीची संपत्ती या दोहोंचे रक्षण होईल.