क्रिएटिनिन नॉर्मल, मग लघवीची तपासणी कशाला?

प्रश्न : माझी आई 70 वर्षांची आहे. 12 वर्षांपासून तिला टाइप 2 मधुमेह आहे. रक्तातलं क्रिएटिनिन 1.1 आलं, लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’. तरी डॉक्टर लघवी तपासायला सांगतात. रक्तात सगळं कळत नाही का?

उत्तर : नाही कळत. आणि जे कळतं, तेही त्या ‘नॉर्मल’मध्ये झाकलं जातं.

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये तयार होतं आणि मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात. गाळणं मंदावलं की ते रक्तात साचतं. पण मुळात ते किती तयार होणार, हे स्नायूंवर ठरतं. वयोमानाने हातपाय बारीक झालेल्या बाईंच्या अंगात ते कमीच बनतं, त्यामुळे मूत्रपिंड थकलं तरी आकडा फारसा चढत नाही. उलट तालमीतला, मटणावर ताव मारणारा गडी ठणठणीत असूनही त्याचा आकडा जास्त दिसू शकतो.

म्हणून क्रिएटिनिनला वय आणि लिंगाची जोड देऊन ‘ईजीएफआर’, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज काढतात. 2021च्या सूत्रात 1.1 घालून पाहा : 30 वर्षांच्या पुरुषाला सुमारे 93 मिळतात, तुमच्या आईंना 54! हा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ 60च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा जुनाट विकार. एका रिपोर्टवरून मात्र निदान होत नाही. शंका उरलीच तर सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करतात; त्यावर स्नायूंचा प्रभाव बराच कमी असतो.

आता लघवी. मधुमेहात गाळणीच्या जाळीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागतं, आणि पुष्कळदा ईजीएफआर चांगला असतानाच. सुरुवातीला तर तो उलट वाढलेलाही असू शकतो! लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅम किंवा जास्त अल्ब्युमिन आलं, तर दखल घ्यायची. ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, दमवणारा व्यायाम यांनीही ते तात्पुरतं वाढतं, म्हणून तपासणी पुन्हा करतात. काहींचं अल्ब्युमिन साफ असूनही ईजीएफआर घसरतो, तेव्हा नुसत्या लघवीवरही भागत नाही.

‘लघवीला फेस नाही, पायाला सूज नाही, मग किडनी ठीक’ हा समज सोडा. ही लक्षणं बहुधा उशिरा येतात. टाइप 2 मधुमेहात दोन्ही तपासण्या निदानापासूनच दरवर्षी करायच्या असतात. आईंची लघवी तपासून घ्या आणि डॉक्टरांना ईजीएफआरचा आकडा आवर्जून विचारा.