पाल्याच्या जीवनमार्गाची निवड आणि पालकांचे कर्तव्य

मुलाने पुढे काय शिकावे, या विवंचनेत पडलेल्या एका आईबापांची हकीकत विनयपिटकातील महावग्गात आली आहे. हे कुटुंब राजगृहाचे. मुलाचे नाव उपाली. (नापित कुळातून आलेले विनयधर उपाली स्थविर ते वेगळे, हा एक अल्पवयीन मुलगा.) आपल्या पश्चात या मुलाने सुखाने कसे जगावे, असा प्रश्न आईबापांपुढे होता. लेखन शिकवावे, तर बोटे दुखतील. गणना शिकवावी, तर छाती दुखेल. नाण्यांची पारख शिकवावी, तर डोळे दुखतील. असा एकेक व्यवसाय बाजूला सारीत ते शेवटी या निर्णयाला आले, की शाक्यपुत्रीय श्रमण सुखाने राहतात, चांगले जेवतात, निवाऱ्यात झोपतात. तेव्हा उपालीने प्रव्रज्या घ्यावी हेच बरे. हे बोलणे उपालीच्या कानी पडले. त्याने आपल्या सोबत्यांना गाठले आणि बघता बघता सतरा मुले तयार झाली. सर्वांची इच्छा एकच आहे, हेतूही चांगला आहे, म्हणून त्यांच्या आईबापांनीही आनंदाने संमती दिली. भिक्खूंनी त्या मुलांना प्रव्रज्या आणि उपसंपदा दिली. पहाटे उजाडण्यापूर्वीच ती मुले उठून पेज द्या, जेवण द्या म्हणून रडू लागली. तो आवाज भगवंतांच्या कानी गेला. चौकशीअंती त्यांनी नियम घालून दिला, की वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये. कारण थंडी, ऊन, भूक, तहान, डास-गोमाश्या आणि लोकांचे कठोर शब्द सोसण्याची शक्ती त्या वयात नसते.

प्रस्तुत लेखाचा विषय पाल्याच्या व्यवसायनिवडीत पालकांनी साहाय्य कसे करावे हा आहे. त्या दृष्टीने ही हकीकत पुन्हा वाचावी. उपालीच्या आईबापांचे मुलावर प्रेम होते, यात शंका नाही. त्यांनी विचारही केला. एक नव्हे, तीन व्यवसाय तपासले. परंतु प्रत्येक व्यवसायाला त्यांनी एकच कसोटी लावली : त्रास किती? उपालीची बोटे लेखनात रमतात काय, हिशेबात त्याचे डोके चालते काय, हे त्यांनी विचारले नाही. ज्या जीवनाची निवड केली, तेही त्यांनी बाहेरूनच पाहिले. भिक्खूंचे जेवण आणि निवारा दिसला; त्या जीवनातील कष्ट दिसले नाहीत. आणि उरलेल्या सोळा मुलांच्या बाबतीत तर, मित्र जातो म्हणून आम्हीही जातो, एवढेच कारण पुरले.

असे आपल्याकडे घडलेले नाही काय? इ.स. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात अध्यापक विद्यालये मोठ्या संख्येने निघाली. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आणि मग हमखास शिक्षकाची नोकरी, असा त्या वेळचा समज होता. गावातील एकाला नोकरी लागली की पाठोपाठ दहा जणांचे अर्ज जात. पुढे २०१२ च्या सुमारास शिक्षकभरती थांबली, २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा आली आणि पदविकाधारकांची फौज वर्षानुवर्षे प्रतीक्षा करीत राहिली. त्यांत काही जण मनापासून शिक्षक होऊ इच्छिणारे होते, त्यांचे विशेष नुकसान झाले. बाकीच्यांनी तो मार्ग घेतला, कारण शेजारच्या घरातील मुलाने तो घेतला होता. आज त्याच जागी दुसरी नावे आली आहेत : पोलीस भरती, नीट, स्पर्धा परीक्षा. यांपैकी एकही मार्ग वाईट नाही. निवडण्याची रीत मात्र उपालीच्या सोबत्यांचीच राहिली आहे.

मग पालकांनी करावे तरी काय? दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पापापासून परावृत्त करणे, कल्याणात स्थिर करणे, शिल्प शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा स्वाधीन करणे. येथे शिल्प म्हणजे उपजीविकेची विद्या किंवा कला. कोणते शिल्प शिकवावे, याची यादी तेथे दिलेली नाही. आईबापांकडे सोपविले आहे ते शिकविण्याचे, म्हणजेच शिकण्याची सोय करण्याचे काम. ही सोय कशी असते, याचे आपल्या परिचयातील सर्वांत मोठे उदाहरण सुभेदार रामजी सकपाळ यांचे आहे.

रामजी लष्करात शिक्षक होते, म्हणून शिक्षणाची किंमत त्यांना ठाऊक होती. सेवानिवृत्तीनंतर मिळकत तुटपुंजी असताना त्यांनी कुटुंब मुंबईला आणले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड केले. भीमरावांना एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. खोलीत अभ्यासाला जागा नव्हती; म्हणून मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. पुस्तकांसाठी पैसे नसत, तेव्हा ते विवाहित मुलींच्या घरी जाऊन उसने आणीत. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. या सर्व हकिकतीत रामजींनी मुलाला अमुकच हो म्हटल्याचे दिसत नाही. जागा, वेळ, पुस्तक आणि स्वतःची झोप, एवढे मात्र त्यांनी दिले.

या चरित्राच्या एका कोपऱ्याकडे आपण सहसा पाहत नाही. दोन मुलांचे शिक्षण झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. एकाच्या प्रगतीची किंमत दुसऱ्याने मोजली. आजही आपल्या घरांत ही किंमत कोणीतरी मोजतो, आणि बहुधा ती मुलगी असते. मुलाला नागपूरच्या शिकवणीला पाठवायचे म्हणून मुलीला गावातल्याच महाविद्यालयात कला शाखेत घालायचे, ही वाटणी कोणी उघड बोलून करीत नाही. ती आपोआप होते. भीमराव न्यूयॉर्कला शिकत असताना त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले होते. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत टाकून द्यावी; आईबाप मुलांच्या आयुष्याला वळण देऊ शकतात, आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकविले तर आपली प्रगती अधिक वेगाने होईल, असा त्या पत्राचा आशय होता. त्या वेळी ते विशीच्या आरंभी होते आणि वडिलांना जाऊन फार काळ लोटला नव्हता.

वडिलांशी त्यांचा मतभेदही झाला होता, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. बी.ए. झाल्यावर बडोदे संस्थानची नोकरी धरण्याचे भीमरावांनी ठरविले, तेव्हा रामजींना ते पसंत नव्हते. तरीही ते जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याला गेले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. पुढे १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना राहायला घर मिळेना, कचेरीत अपमान सोसावा लागला. अर्थात वडिलांची भीती निराधार नव्हती. पण बडोद्याशी संबंध जोडला गेला, म्हणूनच सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले, हेही तितकेच खरे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. पालकांना वाटणारा धोका त्यांनी मुलाला स्पष्ट सांगावा, कारणांसह सांगावा. मुलाने तो ऐकूनही दुसरा मार्ग धरला, तर घराचे दार बंद करू नये.

ज्या पालकांना स्वतः फारसे शिकता आले नाही, ते म्हणतात, आम्हाला यातले काय कळते? येथे तिसऱ्या माणसाचे महत्त्व लक्षात येते. जोतीराव फुल्यांना त्यांच्या वडिलांनी शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले होते. शिक्षणाने मुलगा कामातून जाईल, असे गोविंदरावांच्या मनात भरविण्यात आले होते. तेव्हा गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा, स्कॉटिश मिशनच्या शाळेत, दाखल झाले. भीमरावांच्या बाबतीत हेच काम कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी केले. बागेत वाचत बसणारा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तके दिली आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची शिफारस पोहोचविली. आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आज निरनिराळ्या क्षेत्रांत आहेत. कार्यक्रमाला येऊन सत्कार स्वीकारण्यापेक्षा त्यांनी वर्षातून दोन दिवस वसतिगृहात मुलांबरोबर बसावे आणि आपल्या कामाचा एक दिवस कसा जातो, पगार किती मिळतो, कंटाळा कशाचा येतो, हे खरेखुरे सांगावे. भिक्खुजीवन केवळ बाहेरून पाहणाऱ्या उपालीच्या आईबापांना असा माणूस भेटायला हवा होता.

मुलाचा कल ओळखणे हे काम पालकच अधिक चांगले करू शकतात. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. अशा चाचणीचा उपयोग आहे. पण ती एका दिवसाची असते, आणि पालकांनी मूल पंधरा वर्षे पाहिलेले असते. तू पुढे काय होणार, हा प्रश्न मुलाला पाहुण्यांसमोर विचारू नये. त्याचे एक पाठ केलेले उत्तर येते. कोणते काम न सांगता करतो, ते पाहावे. बिघडलेला पाण्याचा पंप मिस्त्री उघडतो, तेव्हा एक मुलगा तासभर तेथून हलत नाही. एक मुलगी आजारी शेळीला औषध पाजताना घाबरत नाही. दुसरी बचत गटाचा हिशेब आईला तोंडी जुळवून देते. ही चिन्हे आहेत. अर्थात आवड म्हणजे क्षमता नव्हे. म्हणून त्या क्षेत्रातील काम उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस जवळून पाहू द्यावे, मग बोलावे.

आपल्या जिल्ह्याकडे पाहिले, तरी किती मार्ग दिसतात! भंडारा हा तलावांचा जिल्हा; वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण उभे आहे. मासेमारी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी असते आणि ती नागपूरच्या मत्स्यशास्त्र महाविद्यालयात घेता येते, हे किती पालकांना ठाऊक आहे? कृषी पदवीचा प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. पशुवैद्यकीय पदवीला नीटचे गुण लागतात. म्हणजे नीट दिलेल्या मुलाला एमबीबीएस मिळाले नाही, म्हणून सारे संपले असे होत नाही. जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि वरठीचा पोलाद कारखाना या ठिकाणी कुशल कामगारांची गरज असते. तेथे जाण्याचा रस्ता आयटीआय आणि तंत्रनिकेतनातून जातो. दहावीला साठ टक्के मिळविणाऱ्या, हाताने चपळ असलेल्या मुलाला विज्ञान शाखेत बळेच बसविण्यापेक्षा तीन वर्षांची पदविका केव्हाही बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो.

पैशाचा विषय पालक मुलांपासून लपवितात. तसे करू नये. शिकवणीसाठी बांधी गहाण पडली, हे मुलाला नापास झाल्यावर कळले, तर त्या ओझ्याखाली ते पिचून जाते. आधीच मोकळेपणाने सांगावे : आपली ऐपत एवढी, शिष्यवृत्ती एवढी, प्रयत्न किती करायचे ते आपण मिळून आज ठरवू. नीट असो वा लोकसेवा आयोगाची परीक्षा, दोन किंवा तीन प्रयत्नांची मर्यादा आधी ठरलेली असावी आणि दरम्यान पदवीचे शिक्षण सोडू नये. पुण्यातील खोल्यांमध्ये तिशी ओलांडलेली, घरी परत कसे जावे या संकोचात अडकलेली आपली मुले आहेत. त्यांनी आळस केला, असे नाही. थांबण्याची वेळ त्यांच्याशी कोणी बोललेलीच नव्हती.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण गुण असूनही प्रवेश हुकतो तो येथे. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि ते निकालानंतरच्या आठ दिवसांत मिळत नाही. अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा पाहिला जातो. म्हणून आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल यांपैकी जे मिळेल ते शोधावे. धम्मदीक्षेनंतर नोंदींत धर्माचा उल्लेख बदललेला असतो, कोठे आडनावाचे अक्षरही बदललेले असते. असा फरक आढळल्यास प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावे. उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीच्या अर्जापूर्वी काढावा आणि मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे की नाही, ते पाहावे. जुन्या नोंदींसाठी पवनीच्या तहसील कार्यालयात दोन-तीन खेपा होतात. एकदा रोवणी सुरू झाली की कोणाला सवड राहत नाही, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावे.